जेवणानंतर पोट फुगतं आणि दुपारभर गळून गेल्यासारखं होतं, हिंग्वाष्टक चूर्ण घेऊ का?

गॅस आणि जडपणासाठी घेऊन बघा, पण थकव्यावर त्याचा भरवसा धरू नका. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग अशी आठ द्रव्यं त्यात असतात. सगळी अग्नी, म्हणजे पचनशक्ती, वाढवणारी आणि वायू सारणारी. घ्यायची रीत अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातच दिली आहे: तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. पाव ते अर्धा चमचा चूर्ण, चमचाभर तूप, गरम भाताचा एक घास, मग बाकीचं जेवण. बरेच जण जेवण झाल्यावर पाण्याबरोबर फक्की मारतात आणि गुण नाही म्हणतात! कडधान्यांच्या उसळी, चवळी, राजमा असेल त्या दिवशी फरक जास्त जाणवतो. मूळ तक्रार पोट साफ न होण्याची असेल, तर मात्र हे नको, रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा घ्या.

हे चूर्ण उष्ण आहे. छातीत जळजळ, आंबट ढेकर, अल्सर असेल तर टाळा. बीपी असल्यास त्यातलं सैंधवही मीठच आहे हे धरून चाला. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर चूर्ण राहू द्या आणि थेट डॉक्टरांकडे जा.