फिरते प्रदर्शन, हमरस्त्याकाठच्या वास्तू

विचारणा अशी आहे : अमेरिकेतली जुनी मोटेलं (खोलीच्या दारात गाडी उभी करून राहायची हॉटेलं), पेट्रोलपंप, खाण्याचे ठेले यांच्या छायाचित्रांचं एक प्रदर्शन गावोगाव जाणार आहे. मराठी पत्रकात त्याला ‘प्रवासी प्रदर्शन : महामार्गालगतची बांधकामे’ म्हटलं तर चालेल का?

‘प्रवासी’ नको. मराठीत प्रवासी म्हणजे तिकीट काढून एसटीत बसलेला माणूस, त्यामुळे हे प्रवाशांसाठी भरवलेलं प्रदर्शन वाटेल. फिरतं वाचनालय, फिरता दवाखाना, फिरता चषक हे शब्द आपल्या तोंडात आहेतच, त्यांच्या पंगतीत ‘फिरतं प्रदर्शन’ सहज बसतं. (फिरता रंगमंच जागच्या जागी फिरतो खरा, पण इथे तो घोटाळा होणार नाही.)

‘महामार्गालगतची बांधकामे’ तर मुळीच नको. पेपरात हे शब्द अतिक्रमण हटवण्याच्या बातमीत येतात. वाचकाला आधी बुलडोझर दिसेल. ‘वास्तू’ म्हणा.

मला सर्वांत जास्त खटकतो तो ‘महामार्ग’. या वास्तू ज्यांच्या काठी उभ्या राहिल्या ते रस्ते गावाच्या पोटातून जायचे. १९२६चा ‘रूट ६६’ हा अमेरिकेतला प्रसिद्ध रस्ता तसाच. १९५६च्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यानंतर गावांना वळसा घालणारे नवे रुंद मार्ग झाले, गाड्या तिकडे गेल्या आणि जुन्या रस्त्यावरच्या मोटेलांचं गिऱ्हाईक आटलं. रूट ६६ तर १९८५मध्ये रस्त्यांच्या अधिकृत यादीतूनच गेला. मराठी वाचकाच्या मनात ‘महामार्ग’ म्हणजे हेच बायपासवाले नवे मार्ग. ज्यांनी या वास्तूंचा धंदा बसवला त्यांचंच नाव वास्तूंना देणं बरोबर नाही. ‘हमरस्ता’ म्हटलं की बाजार, दुकानं, थांबणारी माणसं सगळं येतं.

छायाचित्रकार जॉन मार्गोलीस यांनी चाळीसेक वर्षं गाडीतून हिंडून अशा वास्तूंची छायाचित्रं काढली. त्यांच्या ११,७१० रंगीत स्लाइड्स आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं १९३१चं सिमेंटचं भलंमोठं बदक घ्या. छातीत दार, आत तेव्हा बदकं आणि अंडी विकायचं दुकान होतं. डोळ्यांच्या जागी फोर्ड मॉडेल टी गाडीचे मागचे दिवे. वेगात येणाऱ्याला पाटी वाचायची गरजच नाही. व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन आणि आयझेनूर या वास्तुरचनाकारांनी १९७२मध्ये अशा वस्तुरूपी इमारतींना ‘डक’ हेच नाव दिलं. मराठीत त्यांना खुशाल ‘बदक’ म्हणावं, अवतरणचिन्हांत.

‘मोटेल’ मात्र तसंच राहू द्या. ‘पथिकाश्रम’ लिहिलंत तर दारात उभी केलेली गाडीच त्यातून नाहीशी होते.