उन्हात उभ्या गाडीसाठी डॅशकॅम

प्रश्न : गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. डॅशकॅम (काचेमागून रस्ता टिपणारा कॅमेरा) फोर-के घ्यावा की साधा? मागचा कॅमेरा हवाच का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सोलापूरच्या उन्हात आधी बघायचं ते रिझोल्यूशन (चित्रातला बारकावा) नव्हे, तर आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग. काचेमागच्या उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते, कॅमेऱ्याची बॉडी सांध्यातून उकलते. सुपरकपॅसिटरवालाच घ्या.

फोर-केच्या आकड्याला भुलू नका. रात्री नंबरप्लेट वाचता येणं सेन्सर आणि लेन्सवर ठरतं. सोनी स्टारव्हिस या कमी उजेडात चांगलं टिपणाऱ्या सेन्सरचा १४४०पी (फोर-केहून कमी रिझोल्यूशनचा) चांगला कॅमेरा स्वस्तातल्या फोर-केपेक्षा बरा. स्वस्त फोर-केत बरेचदा लहान चित्रच ताणून मोठं केलेलं असतं. घेण्याआधी त्या मॉडेलचं रात्रीचं फुटेज जरूर बघा.

फुटेज साठवणाऱ्या मेमरी कार्डात कंजुषी नकोच. सतत पुसून-लिहून साधं कार्ड झिजतं आणि नेमकं धडकेचं फुटेज मिळत नाही. सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्या. रेकॉर्डिंग १५ एमबीपीएसने (सेकंदाला १५ मेगाबिट) होत असेल तर तासाला पावणेसात जीबी, म्हणजे ६४ जीबीत साधारण नऊ तास. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, तारीख-वेळही तपासा.

शहरात चालवत असाल तर मागचा कॅमेरा हवाच. पार्किंग मोडसाठी, म्हणजे गाडी उभी असतानाच्या रेकॉर्डिंगसाठी, हार्डवायर किट (गाडीच्या बॅटरीतून कॅमेऱ्याला वीज देणारी जोडणी) लागेल. त्याचा कट-ऑफ, म्हणजे गाडीची बॅटरी उतरताना कॅमेरा बंद होण्याची पातळी, १२.२ व्होल्टवर ठेवा, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरणार नाही.