जुन्या गेमबॉयच्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह होत नाही. घरी दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: माळा आवरताना मोठ्या भावाचा गेमबॉय कलर (हातात धरून खेळायचा निन्टेंडोचा जुना गेम) सापडला, सोबत पोकेमॉन गोल्ड आणि पोकेमॉन रेड या दोन कॅसेट. गोल्ड सुरू होते, पण सेव्ह करून बंद केली की पुन्हा पहिल्यापासून. रेडमध्ये भावाचा जुना गेम अजून शाबूत आहे. तर गोल्ड दुरुस्त होईल का, आणि एवीतेवी उघडतोच आहे तर रेडचाही सेल बदलून टाकू का?

गोल्ड दुरुस्त होईल. रेडला मात्र इतक्यात हात लावू नका, कृपा करून.

मूळ गेम एका चिपवर कायमचा भरलेला असतो. त्याला सेल लागत नाही, म्हणून तो आजही सुरू होतो. तुम्ही कुठवर पोचलात, कोण कोण पकडलं, ही नोंद मात्र दुसऱ्या चिपवर असते, अवघ्या ३२ केबीच्या रॅमवर. तिला अखंड वीज लागते. गेमबॉय चालू असेपर्यंत ती गेमबॉय पुरवतो आणि बंद झाल्यावर कॅसेटमधला ३ व्होल्टचा चपटा सेल. तो संपला की पाटी कोरी. पोकेमॉनच्याच गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या कॅसेटमध्ये हाच सेल घड्याळही चालवतो. गेममध्ये सकाळ, रात्र, वार बदलतात ते त्याच्यावर. म्हणून या तिघींचे सेल लवकर संपतात, आणि तुमची रेड वयाने मोठी असूनही अजून तग धरून आहे.

आधी कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पिना काळ्या पडल्या असतील तरी सेव्ह बिघडू शकतं. फरक पडला नाही तर कॅसेट उघडा. मागचा एकुलता एक स्क्रू नेहमीच्या पेचकसाने निघत नाही, त्याला ३.८ मिमीचा गेमबिट, म्हणजे या स्क्रूसाठीचा खास पेचकस लागतो. ऑनलाइन सहज मिळतो. पक्कड लावून किंवा पेनाचं टोक वितळवून प्रयत्न करू नका, स्क्रूचं डोकं जातं. स्क्रू निघाला की पुढचं झाकण किंचित पिनांच्या बाजूला सरकवा आणि उचला.

आत सेल दिसेल. त्याच्यावर छापलेला नंबर वाचा; गोल्डमध्ये सीआर २०२५ असतो. मोबाईलने फोटो काढून ठेवा, म्हणजे अधिक-उण्याचा घोळ होणार नाही. नवा सेल घेताना 'टॅबवाला' मागा, म्हणजे ज्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या कारखान्यातच जोडलेल्या असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा. सीआर २०३२ घेऊ नका. गोलाई तीच असली तरी तो ०.७ मिमीने जाड असतो.

साध्या सेलवर थेट सोल्डर (वितळवून जोड द्यायचा धातू) मारू नका. तो लिथियमचा आहे, तापला की फुगतो, फुटूही शकतो. आणि कोणी 'पट्ट्या तशाच ठेवून चिकटपट्टीने सेल बसवतो' म्हणाला तर नको म्हणा. माझी एक कॅसेट एका दुकानात अशीच 'दुरुस्त' झाली होती. दोन आठवडे छान चालली, मग एकदा टेबलावरून पडली, सेल क्षणभर पट्टीपासून सुटला आणि सगळं गेलं. या रॅमला तेवढा क्षण पुरतो.

जुना सेल काढताना नुसतं खेचू नका, बोर्डावरची तांब्याची टिकली उखडून येते. सोल्डरच्या जुन्या डागावर आधी थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावं म्हणून लावायचा लेप) लावा. सोल्डरिंग आयर्न ३३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. डाग पाण्यासारखा चकाकला की चिमट्याने पट्टी हलकेच वर घ्या. एकेका डागाला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. नवा सेल बोर्डावरची + आणि − ची खूण बघून बसवा. कधीच सोल्डरिंग केलं नसेल तर आधी एखाद्या बिघडलेल्या रेडिओच्या बोर्डावर हात बसवा. गोल्डमधलं सेव्ह तसंही गेलेलं आहे, त्यामुळे घाई कसलीच नाही.

मग नवा गेम सुरू करा. गेममधले प्रोफेसर ओक किती वाजले विचारतील, पुढे गेममधली आई वार विचारेल. खरी वेळ सांगा, सेव्ह करा आणि रात्रभर बंद ठेवा. सकाळी गेममध्येही सकाळ झालेली दिसली की सेलही लागला आणि घड्याळही.

आता रेड. माझ्या धाकट्या बहिणीची सिल्व्हर होती, मामाने मस्कतहून आणलेली. तिने पहिल्याच पोकेमॉनला आमच्या मांजरीचं नाव दिलं होतं, मनी. काही वर्षांपूर्वी ती कॅसेट माझ्या हाती आली तेव्हा सेव्ह जिवंत होतं. सेल जुना झालाय, संपायच्या आत बदलून देऊ, म्हणून मी चांगल्या मनाने तो काढला. जुना काढला आणि नवा लावला, या दोन मिनिटांत मनी गेली. नवा सेल आजही उत्तम चालतोय. बहीण काही बोलली नाही, पण कॅसेट तिने परत नेली नाही.

म्हणून रेडच्या बाबतीत आधी सेव्ह बाहेर काढायचं, सेल नंतर. त्यासाठी कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचे कार्ट्रिज रीडर मिळतात, उदाहरणार्थ जीबीएक्सकार्ट किंवा जीबी ऑपरेटर. सेव्हची फाईल उतरवून घ्यायची, सेल बदलायचा, फाईल परत कॅसेटमध्ये भरायची. भाऊ जिथे थांबला होता तिथूनच गेम सुरू होईल. गेमबॉय चालू ठेवून सेल बदलायची युक्तीही काही जण करतात, कारण तेव्हा रॅमला वीज गेमबॉयकडून मिळत असते. पण चालू बोर्डावर आयर्न एकदा निसटलं की सेव्ह तर जाईलच, कॅसेटही जाऊ शकते. एकुलत्या एका आठवणीवर मी ते करणार नाही.

रीडर यायला वेळ असेल तर रेड उघडून मल्टिमीटरने सेलच्या दोन पट्ट्यांवर नुसतं मोजून बघा. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. ३ व्होल्टच्या आसपास असेल तर थोडी उसंत आहे. २.५ च्या खाली असेल तर रीडर याच आठवड्यात मागवा. हे सेल वर्षानुवर्षं एका पातळीवर राहतात आणि शेवटी एकदम कोसळतात.

फाईल हाती आली की तिच्या दोन प्रती करा आणि एक आजच भावाला पाठवा.