'आइस पोलो'त घोडा कुठून आला?

'आइस पोलो'चं मराठी 'बर्फावरील अश्वक्रीडा' असं केलेलं कुठे वाचलं असेल, तर ते भाषांतर साफ चूक आहे. १८९० च्या आसपास अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळला जाणारा आइस पोलो घोड्यांचा नव्हताच. पायात स्केट्स, हातात वाकड्या टोकाची आखूड काठी, संघात पाच जण आणि रबरी चेंडू. गोठलेल्या तळ्यावर घोड्यांचा पोलो स्वित्झर्लंडमधल्या सेंट मोरिट्झला होतो, पण तो १९८५ पासून.

पोलो म्हटलं की घोडा, हे समीकरण कानावर आलं की चीड येते. मूळ बाल्टी भाषेत (बाल्टिस्तानातली, तिबेटीच्या कुळातली) पोलो म्हणजे चेंडू! तिबेटीत पुलु. गंमत बघा, फारसीने या खेळाला नाव दिलं काठीवरून: चौगान. (१२१० मध्ये लाहोरला कुतुबुद्दीन ऐबक मेला तो हाच खेळताना.) मणिपुरीने घेतला घोडा: सगोल काङजै, त्यातला सगोल म्हणजे घोडा, पायी खेळतात तो खोंग काङजै. घोडा हवाच असेल तर मणिपुरी नाव वापरा, बाल्टी शब्दावर तो लादू नका. पिंपांवर घोड्यावर बसल्यासारखं बसून खेळायचे म्हणून 'वॉटर पोलो', ही कोशांच्या हवाल्याने सांगितली जाणारी कथा मला मुळीच पटत नाही. पाणी आहे, चेंडू आहे; आणखी काय हवं?

अमेरिकन पोरांना बाल्टी येत नव्हती, हे मान्य. तरी नाव चेंडूलाच चिकटून राहिलं, असं माझं ठाम मत आहे. पुढे काय झालं बघा. १८९४-९५ च्या हिवाळ्यात येल, हार्वर्ड, ब्राउन, कोलंबिया या विद्यापीठांचे विद्यार्थी कॅनडात गेले. मॉन्ट्रियल, ओटावा, किंग्स्टन, टोरांटो. प्रत्येक ठिकाणी थोडा आइस पोलो, थोडी तिथली बर्फावरची हॉकी. हॉकीत चारही वेळा हरले. पोलो त्यांचा घरचा खेळ, त्यातही दोन विजय आणि दोन बरोबऱ्या, बस्स. पण हॉकीची लांब काठी आणि बर्फाला चिकटून सरकणारी चपटी चकती त्यांना इतकी आवडली की परतल्यावर त्यांनी पोलोच सोडला. १९ जानेवारी १८९८ ला बॉस्टनमध्ये ब्राउनने हार्वर्डला ६-० हरवलं, ते हॉकीत. चेंडू गेला, पोलो हे नावही गेलं.

भाषांतरात 'आइस पोलो'च ठेवा. 'बर्फावरची हॉकी' तर अजिबात नको. तिनेच याला मैदानातून हाकललं.