सोडा ‘उघडायचा’ की ‘फोडायचा’?

दादरच्या एक वाचक आपल्या आईच्या गिरगावातल्या बालपणाच्या आठवणी लिहून काढत आहेत. एका वाक्यापाशी त्या अडल्या : ‘पाहुणे आले की आजोबा खालच्या दुकानातून गोटी सोडा मागवत आणि सगळ्यांसमोर फोडत.’ त्या विचारतात, बाटली तर फुटत नाही, ती रिकामी करून दुकानात परत द्यावी लागे. मग ‘फोडत’ कसे? ‘उघडत’ असे दुरुस्त करू का? शिवाय त्यांच्या घरात असे सांगतात की गोटी आत ‘सोडायची’, म्हणून ‘गोटी सोडा’. हे खरे का?

‘फोडत’ला अजिबात हात लावू नका. आईच्या तोंडचा तो शब्द अचूक आहे, आणि तो का अचूक आहे हे त्या बाटलीकडे पाहिल्यावरच नीट कळते. गेली काही वर्षे मी अशा जुन्या बाटल्या जमवतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ही बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाची. १८७२ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. गळ्याच्या आतल्या खाचेत रबराचा वायसर आणि बाटलीत काचेची एक गोटी. बाटली उलटी धरून पाणी आणि वायू दाबाने भरायचे. गोटी घरंगळत वायसरवर येऊन बसते आणि आतला वायूच तिला तिथे दाबून धरतो. म्हणजे बाहेरून लावलेले बूच नाही, झाकण नाही. पाण्यात कोंडलेला वायू स्वतःच स्वतःचे दार लावून घेतो. मला या कल्पनेचे अजूनही नवल वाटते.

आता ही बाटली पिण्यासाठी मोकळी कशी करतात? अंगठ्याने किंवा आत खुंटी असलेल्या छोट्या लाकडी टोपीने गोटीवर दणका द्यायचा. गोटी खाली जाते, फट्कन आवाज होतो, वायू सुसाटत बाहेर येतो, फेस उसळतो. हे ‘उघडणे’ नव्हे. उघडतो ते दार, पेटी, डबा. तिथे झाकण बाजूला होते आणि आतली वस्तू जागच्या जागी राहते. सोड्यात आतले बाहेर झेपावते.

मराठीत ‘फोडणे’ म्हणजे फक्त तुकडे करणे नव्हे. संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून आलेल्या या शब्दात, आत दाटलेले किंवा मिटलेले बाहेर पडणे हा अर्थ मुळापासून आहे. आपण टाहो फोडतो, हंबरडा फोडतो, अन्यायाला वाचा फोडतो, गुपित फोडतो. पत्र फोडून वाचतो तेव्हा पत्राचे काही बिघडत नाही. ‘फुटणे’ पाहा : पालवी फुटते, पान्हा फुटतो, घाम फुटतो, उकळी फुटते, तांबडे फुटते. यातल्या एकातही मोडतोड नाही. आणि रोजच्या स्वयंपाकातली फोडणी! मोहरी तडतडून तिचा वास तेलात सुटतो, ती फोडणी. आजोबांचा सोडा या सगळ्यांच्या पंगतीत बसतो. म्हणून माझ्या मते ‘सोडा फोडणे’ हे घाईत पडलेले बोलीतले रूप नाही. ज्याने ते पहिल्यांदा वापरले त्याचे भाषेवर पक्के प्रेम असले पाहिजे.

याच्या उलट बिल्ल्याच्या बाटलीचे पाहा. विल्यम पेंटरने १८९२ मध्ये अमेरिकेत पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट घेतले. ती बाटली आपण ओपनरने उघडतो. एकाच टेबलावर दोन बाटल्या आणि दोन क्रियापदे.

शब्दशः फोडणेही होतेच. गोटीसाठी पोरे रिकाम्या बाटल्या खरोखर फोडत. इंग्लंडातही हेच, मुंबईतही हेच. जुन्या अखंड बाटल्या दुर्मीळ असण्याचे हे एक मोठे कारण. दुसरे कारण दुःखद आहे. दंगलीच्या बातम्यांत ‘सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा’ हे शब्द किती वेळा आले! दाबाने भरलेली जाड काच फेकली की हत्यार होते. लक्षात घ्या, बातमीत ‘गोटी सोडा’ कधी येत नसे. पिण्याच्या वस्तूला घरातले नाव, हत्याराला छापील नाव.

आता दुसरा प्रश्न. ‘सोडा’ हा ‘सोडणे’ मधला नाही. हा शब्द इंग्रजीतून आला, आणि खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा यांचा तो सख्खा भाऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात औषधी झऱ्यांच्या पाण्याची नक्कल करताना पाण्यात सोड्याचा क्षार घालत, म्हणून ते ‘सोडावॉटर’. पुढे नुसताच वायू भरू लागले, तरी नाव टिकले. आपल्याकडे साहेबांच्या घरांत त्याला ‘बिलायती पानी’ म्हणत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात तशी नोंद आहे. विलायती वांगे म्हणजे टोमॅटो, तसे विलायती पाणी म्हणजे सोडा.

तरी घरातली ती व्युत्पत्ती मला आवडली, आणि आठवणींत ती ‘आमच्या घरी असे म्हणत’ म्हणून जरूर लिहा. अशी गोष्ट इंग्रजीतही झाली आहे. ‘कॉड्सवॉलप’ म्हणजे निव्वळ बकवास, हा शब्द कॉडच्या बाटलीवरून पडला असे तिकडे कित्येक लोक मानतात. पण कॉड १८८७ मध्ये वारला आणि तो शब्द छापील इंग्रजीत दिसतो तो त्यानंतर कित्येक दशकांनी.

‘गोटी’ मात्र अस्सल आपली : दगडगोट्यांतल्या ‘गोटा’चे लहान रूप. दिल्लीत याच बाटलीला ‘बंटा’, तमिळनाडूत ‘गोली सोडा’. जो तो आपल्या पोरांच्या खेळातला शब्द बाटलीला देतो.

काळाबद्दल एक सावधगिरी. मुंबईत पारशी कारखानदारांनी सोडा घरोघरी नेला. पालनजींचा सोडा १८६५ चा, ड्यूक १८८९ चा. आडनावांतही ‘बाटलीवाला’, ‘सोडावॉटरवाला’ उरले आहेत. पण १८६५ मध्ये गोटीची बाटली जन्मालाच आली नव्हती. तेव्हाच्या सोड्याला बूच असे, आणि बूच ओले राहून फुगावे म्हणून अंड्यासारख्या बुडाच्या, आडव्याच ठेवाव्या लागणाऱ्या बाटल्या वापरत. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अशी बुडाला टेकू नसलेली बाटली दिसली, तर ती गोटीच्या आधीच्या घराण्यातली समजा. आईचे बालपण विसाव्या शतकातले, तेव्हा तुमच्या वाक्यात गोटी निश्चिंत राहू द्या.

अनेकवचनाचे तुम्ही विचारले नाही, पण पुढे लागेल. ‘सोड्याची बाटली’, ‘सोड्यात लिंबू’ असे सामान्यरूप आपण सहज करतो, तरी अनेकवचन ‘दोन सोडा’ असेच बोलतो. ‘दोन सोडे फोडले’ असे लिहू नका. मुंबईच्या माणसाला ‘सोडे’ म्हटले की सुकवलेली सोललेली कोळंबीच आठवते, आणि गिरगावातल्या घरात तीही फडताळात असणारच.