जुन्या नाशकातले वाडे बघायला निघताय?

एका दिवसात पंचवटी ते भद्रकाली सगळं उरकू नका. सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यापासून सुरुवात करा, मग तिवंध्याच्या गल्ल्या.

नवखे लोक नक्षीदार दरवाजाचा फोटो काढून निघतात. वाडा कळतो तो आतल्या मोकळ्या चौकात! उजेड कुठून उतरतो, पाणी कुठे वाहून जातं, ओसरी कुठे, हे बघा. लाकडी खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, टेकलेले दिसतील. खालची ओल लाकडात चढू नये म्हणून ती योजना. मला अजूनही आधी तेच बघावंसं वाटतं.

दोन गोष्टी मात्र पाळाच:
- विचारल्याशिवाय दिंडीतून (मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून) आत पाऊल नको, तिथे माणसं राहतात.
- पावसाळ्यात पडक्या वाड्यात शिरू नका. मातीच्या भिंती पाणी पितात आणि अचानक बसतात.

शैली, कालखंड नंतर बघू.