रंगाचा खर्च भाड्यातून कापला, आता?

प्रश्न : साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या वाड्यात वडिलांपासून भाड्याने राहतो. भाडं महिना ८०० रुपये. सागवानी चौकटींचा रंग गेला होता, दोन चौकटींचे पाय कुजले होते. मालकांना फोनवर कितीदा तरी सांगितलं. शेवटी सुतार-रंगारी लावून काम उरकलं, १६,४०० रुपये गेले. ते फिटेपर्यंत भाडं द्यायचं नाही असं ठरवलं, त्याला १४ महिने झाले. आता मालकांच्या वकिलाची नोटीस आली आहे. घर जाईल का?

उत्तर : दुरुस्ती कोणी करायची यावर तुम्ही दीड पान लिहिलंत. ते राहू द्या. नोटीस ‘दोन महिने झाले, टीव्हीमागे ठेवली आहे’ हे मात्र शेवटच्या ओळीत. सगळं त्या ओळीवर अडलं आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १५ प्रमाणे थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस सरल्याशिवाय मालकाला त्या कारणावर ताब्याचा दावा लावता येत नाही. त्यातले साठ तुम्ही घालवलेत. पाकीट फेकलं नसेल तर त्यावरची पोस्टाची तारीख बघा आणि उरलेले दिवस मोजा.

‘थकबाकी कसली, वळते केलेत’ असं म्हणाल. कलम १४ तशी मुभा देतं, पण आधी तुम्ही मालकांना नोटीस द्यायची, १५ दिवस थांबायचं आणि मगच काम काढायचं. फोनवरच्या बोलण्याला पुरावा काय? शिवाय वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच कापता येतं. तुमचं वर्षाचं भाडं ९,६०० म्हणजे फार तर २,४००. तुम्ही अडवलेत ११,२००. असली पत्रं मला सारखी येतात, आणि त्या साध्या नोटिशीची पोस्टाची पावती बहुतेकांकडे नसते.

तेव्हा ११,२०० अधिक चालू महिन्याचं भाडं या आठवड्यात मालकांच्या बँक खात्यात भरा. खातं माहीत नसेल तर डीडी काढून स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत ‘हक्क राखून भरत आहे’ असं पत्र. नोटिशीत वाढ किंवा कर धरला असेल तर भरण्याआधी तिथल्या वकिलाला दाखवा. ते मी इथून सांगू शकत नाही. मुदत हुकलीच, तर दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के सरळ व्याज आणि खर्चासह सगळं कोर्टात भरायची आणखी एक संधी असते. पुढे निकाल लागेपर्यंत भाडं नेमाने भरत राहायचं, आणि आपल्याकडच्या तारखा बघता ते किती वर्षं चालेल हे विचारू नका.

१६,४०० परत मिळतील याची आशा कमी. कुजलेल्या पायांना जोड देणं ही दुरुस्ती हे पटवता येईल, नुसत्या रंगाबद्दल वाद होईल. सुताराचं बिल वेगळं करून घ्या. गणेशपट्टीवर, म्हणजे दाराच्या वरच्या कोरीव पट्टीवर, जुना रंग काढायला ब्लोलॅम्प (ज्योतीचा दिवा) फिरवला होता का? कोरीवकाम जळलं असेल तर मालक ते नुकसान म्हणून मांडतील. फोटो आजच काढून ठेवा.

माडीवरच्या दोन खिडक्या अजून बाकी आहेत म्हणता. त्या खिडक्यांच्या दुरुस्तीची नोटीस भाडं भरल्यावर मालकांना पाठवा, आणि १५ दिवस सरेपर्यंत रंगाऱ्याला वर चढू देऊ नका. घासायची वेळ आली तर पाणी लावून घासायला सांगा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि घरात लहान नात आहे असं तुम्हीच लिहिलं आहे.